शेवटच्या अंतऱ्यातलं नाव

आमचे आबा जलशात गायचे. त्यांच्या गाण्यांची लांबट वही आजही घरी निळ्या फडक्यात बांधून ठेवलेली आहे. ऐंशीच्या दशकात त्यांची दोन गाणी कॅसेटवर आली. कव्हरवर गायकाचं नाव होतं, कंपनीचं होतं, आबांचं नव्हतं. तुकोबांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत सगळे गुंफत आले तसं आबांनीही शेवटच्या अंतऱ्यात स्वतःचं नाव गुंफलं होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी गाणं लांबतंय म्हणून नेमका तोच अंतरा गाळला गेला.

ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो. तरी बावीसाव्या वर्षी एका मोठ्या लेबलनं, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीनं, करार पुढे ठेवला तेव्हा मी अकरा पानं न वाचता सही केली. मी आणि माझा दोस्त, आमची रॅपची जोडी. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या दोन पोरांना कुणीतरी ॲडव्हान्स देतंय, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

तीन वर्षांत नऊ गाणी रेकॉर्ड झाली, बाहेर आली चार. उरलेली पाच मराठी होती. प्रत्येक मीटिंगला तेच ऐकायचो, हुक हिंदीत करा. व्हर्स मराठीत चालेल, हुक हिंदीत पाहिजे. आमच्या भाषेत हुक म्हणजे धृपद. गर्दी तुमच्यासोबत जे म्हणते ते धृपद, आणि माझी गर्दी मराठी होती. दोस्ताला ते जमलं, तो तिथेच राहिला आणि चांगलं काम करतोय. मला जमेना. रात्री झोप लागेनाशी झाली तेव्हा कागद घेऊन वकिलांकडे गेलो.

ज्यांना यातून जायचंय त्यांच्यासाठी हा भाग सविस्तर लिहितो.

वकीलबाईंनी पेन्सिल घेऊन करार पहिल्यापासून वाचला. म्हणाल्या, "तुम्ही एक गाणं विकलं असं तुम्हाला वाटतंय. गाण्यात तीन वस्तू असतात. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. तिन्हीचे हक्क वेगळे." रेकॉर्डिंगला, म्हणजे मास्टरला, आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षांचं संरक्षण आहे, आणि ते मी पूर्णपणे लेबलला दिलं होतं. त्या चार गाण्यांत माझाच आवाज आहे, पण ती माझी नाहीत. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

न आलेल्या पाच गाण्यांचं काय? कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये एक सोय आहे. हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर हस्तांतरण संपुष्टात येतं. पण करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. माझ्या सातव्या पानावर वेगळं लिहिलेलं होतं. त्याच कलमात असंही आहे की मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. माझ्या करारात "कायमस्वरूपी" हा शब्द होता. सहीच्या आधी ही दोन वाक्यं तरी शोधा. सापडली तर कापून मागा, निदान मुदत घाला.

दोन गोष्टी मात्र हातात राहिल्या. एक, २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा दुसऱ्याला लिहून देताच येत नाही. वारस आणि कॉपीराइट सोसायटी, एवढेच अपवाद. म्हणजे त्या चार गाण्यांच्या शब्दांचा वाटा माझाच होता, मी मागितला नव्हता इतकंच. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची सोसायटी १९६९ पासून आहे आणि मी सभासदही नव्हतो. त्याच आठवड्यात अर्ज केला.

दुसरी गोष्ट, करार संपल्यावरही दोन वर्षं माझं प्रत्येक नवं काम आधी त्यांना दाखवायचं, अशी अट होती. या अटीची मला सगळ्यात जास्त भीती होती. बाईंनी २००६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढला. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा. त्याच्या जुन्या मॅनेजमेंट कंपनीलाही करार संपल्यानंतर असाच पहिला हक्क हवा होता. कोर्टानं १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ लावून ती अट रद्दबातल ठरवली. बाईंनी नोटिशीत त्या निकालाचा उल्लेख केला. चार महिने पत्रं गेली-आली आणि एक पानी मुक्ततापत्र हातात पडलं. जोडीचं नाव त्यांच्याकडे राहिलं, पाच गाणीही राहिली. परत घ्यायची तर जी रक्कम सांगितली त्यात अख्खा अल्बम झाला असता. मी ती गाणी सोडली. ज्या पाच गोष्टींबद्दल तेव्हा लिहिलं होतं त्यांबद्दल आता बोलायचं तर नव्यानं लिहायचं, हे ठरवूनच पहिल्या एकल अल्बमला बसलो.

पैसा थोडा होता. इंटरनेटवरून भाड्यानं बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारं तयार संगीत, घ्यायचा मोह झाला. स्वस्त पडतात, पण तीच बीट आणखी पन्नास जणांकडे असते, आणि उद्या यूट्यूबवर त्यातल्या कुणी दावा टाकला की आपल्याच गाण्याचे पैसे अडकतात. म्हणून एकाच बीटमेकरकडून दहाच्या दहा बीट करून घेतल्या. पैसे कमी आणि हिस्सा जास्त, असं ठरलं. कुणाचा किती टक्का ते प्रत्येक गाण्याच्या कागदावर त्याच रात्री लिहिलं. दोस्तीत कागद कशाला, असं आमच्यात कुणी म्हणालं नाही, कारण दोघंही पोळलेलो होतो.

आवाज घरीच रेकॉर्ड केला. दहा बाय बाराची खोली, भिंतीला दोन गोधड्या, पंखा बंद. शेवटची लोकल गेली की सुरुवात आणि पहाटेची पहिली आली की बंद. मे महिन्यात घामानं कागद भिजायचा. त्या तीन तासांत जो आवाज लागला तो मला काचेच्या स्टुडिओत कधी लागला नव्हता.

हलगी मात्र खरीच हवी होती. सॅम्पल नाही, माणूस. वाजवणारे काका चामड्याची हलगी घेऊन आले आणि बाहेर धो धो पाऊस. ओल्या हवेत चामडं सैल पडतं, ते शेकावं लागतं. स्टुडिओत जाळ कुठला करणार? काकांनी इमारतीच्या जिन्याखाली पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्रं पेटवली, हलगी शेकली आणि तशीच गरम घेऊन तीन मजले पळत वर आले. एक टेक होईपर्यंत सूर टिकायचा, मग पुन्हा खाली. असे सहा वेळा. तिसऱ्या गाण्यात पहिल्या थापेआधी जो दम लागल्यासारखा श्वास ऐकू येतो, तो काकांचा आहे. मिक्सवाल्यानं काढू का म्हणून विचारलं होतं. मी नको म्हणालो.

वितरणाचं काम किचकट आहे, अवघड नाही. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा कोड लागतो. पुढचा सगळा हिशेब त्यावर चालतो, तो जपून लिहून ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर तारखेच्या किमान सात दिवस आधी पोचवावं लागतं. मी चार आठवडे ठेवले. आणि २०२४ पासून तिथं ज्या गाण्याला वर्षभरात १,००० वेळाही कुणी ऐकलं नाही, त्याच्या मास्टरचे पैसे मिळत नाहीत. मराठीत, नव्या नावानं, शून्यापासून सुरू करणाऱ्याला हा आकडा वाटतो तितका लहान नाही. अल्बममधल्या दोन गाण्यांनी तो अजून गाठलेला नाही. ती दोन्ही मला फार प्रिय आहेत.

अपलोड करायच्या आधी एक कागद राहिला होता. शेवटच्या गाण्यात आबांच्या वहीतलं एक न गायलेलं गाणं घेतलंय. आबा २००९ मध्ये गेले. शब्दांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे २०६९ संपेपर्यंत तो वारसांचा. वारस तिघं, पप्पा आणि दोन आत्या. मी तिघांसाठी परवानगीपत्र तयार केलं. गीतकार म्हणून आबांचं पूर्ण नाव, शब्दांचा सगळा वाटा वारसांचा. पप्पांनी सही केली, धाकट्या आत्यानं केली. मोठी आत्या नाशिकरोडला असते. तिच्याकडे स्वतः गेलो.

"अरे, बाबांच्या गाण्याला माझी सही कशाला?" ती म्हणाली.

"तुझी नसेल तर मी घेतलं काय नि चोरलं काय, आत्या, सारखंच."

तिनं चष्मा लावला आणि सगळं मोठ्यानं वाचलं, अगदी सावकाश. आबांच्या नावापाशी थांबली. मग विचारलं, "शेवटचा अंतरा ठेवलायस ना?"

"ठेवलाय."

"उद्या कुणी म्हटलं लांबतंय, तर?"

"तरी नाही कापणार."

"मग ते इथं लिही."

मी पत्राच्या तळाशी हातानं लिहिलं, की कवीचं नाव असलेला अंतरा कोणत्याही आवृत्तीत वगळला जाणार नाही. तिनं त्या ओळीखाली आधी माझी सही घेतली, मग स्वतःची केली.

महिन्याभरानं एका जाणकार मित्रानं ऐकून सांगितलं की सगळं छान आहे, फक्त शेवटचं गाणं साडेतीन मिनिटांवर आण, प्लेलिस्टला बरं पडेल. ते ५ मिनिटं ४० सेकंदांचं आहे.