पोर्क चॉप: तीन रविवार आणि एक शनिवार

एक इंच जाड, हाडासकट आणि कडेची चरबी न काढता. पोर्क चॉपसाठी, म्हणजे डुकराच्या पाठीच्या कापांसाठी, माझी मागणी एवढीच होती. ती पुरी व्हायला जानेवारीतले तीन रविवार आणि एक शनिवार गेला. अजूनही त्या मांसाच्या दुकानावरून गेलं की डोकं तापतं, म्हणून सगळं लिहून काढतेय. वरच्या लेपातल्या गूळ, सोया सॉस, लसूण यांचं प्रमाण कुठेही मिळतं. चॉप कसे कापून मागायचे हे मात्र मला कुणी सांगितलं नाही आणि सगळं घोडं तिथेच अडलं.

माझं माहेर वसईचं. आमच्याकडे पोर्क म्हणजे इंद्याल. मोठ्या फोडी, व्हिनेगर, लसूण, सुकी मिरची. मंद आचेवर शिजवायचं आणि दुसऱ्या दिवशी मुरल्यावर खायचं. लग्न होऊन नाशिकरोडला आले तरी मी तेच करत होते. धाकटा भाऊ जहाजावर असतो. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला तो बायकामुलांना घेऊन येणार होता. फोनवर म्हणाला, "ताई, आमचा कुक चॉप करतो ना, वरून गोड-खारट चकचकीत लेप आणि आत रस. ते घरी नाही जमत." ते "घरी नाही जमत" मनाला लागलं. यात्रेच्या रविवारी जेवायला चॉपच करायचे, हे मी तिथेच ठरवलं.

आधी फ्रोझन पॅकेट आणून पाहिलं. वर 'चॉप' छापलेलं, आत करंगळीहून बारीक काप. खालून रंग येईपर्यंत ते आरपार शिजून वाळले. चूक तव्याची नव्हती. चॉप निघतो पाठीच्या भागातून. तिथलं मांस कोवळं असतं, त्यात चरबी कमी आणि मांसाला बांधून ठेवणारे चिवट तंतूही कमी. खांद्याचं मांस जितकं शिजवाल तितकं मऊ पडतं. पाठीच्या मांसाचं उलट आहे, वेळ टळली की पाणी सोडून चामट होतं. बाहेरून रंग यायला पाच-सहा मिनिटं लागणार, वर लेप चढायला आणखी तीन-चार. तेवढा वेळ आतला रस टिकायचा तर मांस जाडच हवं. एक इंचाचा आग्रह त्यासाठी होता.

मग दुकान गाठलं. नाव घेत नाही. गुरुवारी जाऊन सांगितलं, पाचशे रुपये आगाऊ दिले. गल्ल्यावरचे काका म्हणाले, "चाप ना? मिळेल. रविवारी या." रविवारी चर्चमधली पहिली मिस्सा आटोपून साडेआठला गेले तर पुढे वीसेक माणसं. पाऊण तासानं पिशवी हातात आली. घरी येऊन उघडली तर करी कट! पाठीचंच मांस होतं, पण सत्तुरानं घाव घालून बारीक तुकडे केलेले, जागोजाग हाडाच्या कपच्या. त्या दिवशी इंद्याल झालं. सासूबाई म्हणाल्या, "चांगलं झालंय की." झालं होतंच, पण मला ते करायचं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी मी काउंटरपाशीच उभी राहिले. "काका, तुकडे नको. अख्खे काप. दोन बोटं जाड." त्यांनी आत ओरडून सांगितलं. आतल्या मुलाचं तोंड मला दिसत नव्हतं आणि माझी बोटं त्याला दिसत नव्हती. या खेपेला काप मिळाले, पण एक अर्ध्या इंचाचा, एक दीड इंचाचा, आणि दोन तर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, कलिंगडाच्या फोडीसारखे. असा उतरता काप तव्यावर नीट बसतच नाही. पातळ बाजू वाळते तेव्हा हाडाजवळ अजून लाल असतं. मी ते तरी करून पाहिले. आणि हो, त्याच दिवशी दुसरी चूकही केली. गूळ आणि सोया सॉस मांसाला आधीच चोळून ठेवला होता. तापल्या तव्यावर गुळाला कुठला दम! दोन मिनिटांत काळा थर आणि घरभर धूर. चिमणी लावून, खिडक्या उघडूनही संध्याकाळपर्यंत पडद्यांना वास होता. ग्लेज, म्हणजे हा गोड-खारट लेप, शेवटी लावायचं, हे त्या धुरानं शिकवलं.

तिसऱ्या रविवारचा राग अजून गेलेला नाही. शुक्रवारी फोन केला होता, शनिवारी पुन्हा आठवण दिली होती. साडेसातला जाऊन उभी राहिले, म्हणजे माझ्यापुढे फक्त पाच-सहा जण. "गाडी यायचीय ताई, थांबा." थांबले. नऊ वाजले. गाडी आली, माल आत गेला, आणि माझ्यानंतर आलेले लोक किलो-दोन किलो घेऊन निघाले, कारण त्यांना करी कट हवं होतं आणि ते भराभर होत होतं. माझ्या चॉपला कुणी हात लावेना. पावणेदहाला काका म्हणाले, "पाठ संपली. मांडीचं देऊ का? सारखंच असतं." सारखं नसतं! पाठीचं आणि मांडीचं मांस सारखंच असतं, हे वाक्य मांस विकणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकून मला खरंच वाईट वाटलं. माझं पाठीचं मांस माझ्याच डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या पिशवीत तुकडे होऊन गेलं होतं. सव्वादोन तास उभी राहून रिकाम्या हातानं परत आले. पैसे तेवढे परत मागितले नाहीत, कारण यात्रा जवळ आली होती आणि दुसरं दुकान शोधायला शहरात शरणपूर रोडपर्यंत जाणं दर रविवारी शक्य नव्हतं.

उपाय सापडला तो घरी, सुरण चिरताना. सुरणाची जाड फोड हातात होती. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी आणून लावली, बरोबर एक इंचाचा काप कापला आणि डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. पुढच्या शनिवारी सकाळी सातला दुकानात गेले. रविवार मुद्दाम टाळला. शनिवारी गर्दी नसते, कापणारा मुलगा बाहेरच असतो आणि त्याच्याशी बोलता येतं. काकांना काही न सांगता मी तो सुरणाचा काप त्याच्या ओंडक्यावर ठेवला. "दादा, इतकं जाड. सगळे असेच." त्यानं काप उचलला, बोटांत दाबला, पाठीच्या मांसाशेजारी धरून पाहिला आणि म्हणाला, "मग बरगडीला बरगडी सोडू का?"

त्या एका प्रश्नात सगळं होतं. बरगड्यांचं अंतरच साधारण इंचभर असतं. दोन बरगड्यांच्या मधोमध सुरी घातली की प्रत्येक बरगडीमागे एक चॉप, आपोआप सारखा. जनावर लहान चणीचं असेल तर तो पाऊण इंचाला येतो, तेवढा चालतो. त्यांच्याकडे हाड कापायचं मशीन नाही. सत्तुरानं काप पाडायचा तर कणा फुटतो आणि मांस वेडंवाकडं होतं, म्हणून आधी ती गत झाली होती. त्यानं काय केलं, पाठीचा सलग आठ बरगड्यांचा तुकडा उलटा ठेवला आणि फक्त कण्यावर, सांध्यासांध्यावर सत्तुराची टोच मारली. मांसाला धक्का नाही. "आता घरी नुसती सुरी फिरवा ताई." आठ चॉप, बारा मिनिटं. तीन आठवडे जे झालं नाही ते बारा मिनिटांत. मुलाचा काहीच दोष नव्हता, त्याला नेमकं काय हवंय हे कुणी सांगितलंच नव्हतं. काकांनी पहिल्याच दिवशी त्याला बाहेर बोलावलं असतं तर माझे तीन रविवार वाचले असते, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंही. तुम्ही जाल तेव्हा 'चॉप' किंवा 'चाप' एवढंच म्हणू नका. "पाठीचा सलग तुकडा, बरगडीसकट, कण्याला फक्त टोचा" असं म्हणा. आणि कापणाऱ्याशीच बोला.

पुढचं सगळं सरळ झालं. यात्रेच्या आदल्या रात्री चॉप सुटे केले. एक लिटर पाण्यात चार चमचे मीठ (पोह्याचे मोठे चमचे, सपाट) आणि दोन चमचे गूळ विरघळवून ते पाणी गार केलं. सकाळी चॉप त्यात बुडवून दोन तास फ्रिजमध्ये ठेवले. मिठाच्या पाण्यामुळे मांस आतपर्यंत खारवतं आणि शिजताना रस धरून ठेवतं. म्हणून पुढे लेपात वेगळं मीठ अजिबात नको, सोया सॉस आहेच. बाहेर काढल्यावर सुती फडक्यानं कोरडे टिपायचे, अगदी हाताला ओल लागणार नाही इतके. ओलं मांस तव्यावर आधी उकडतं, रंग धरत नाही. कडेच्या चरबीला दर दोन बोटांवर सुरीची चीर द्या, नाहीतर चरबी आक्रसते आणि चॉप वाटीसारखा वाकतो.

ग्लेजसाठी बिटको चौकाजवळच्या गाडीवरून काळी द्राक्षं आणली. फेब्रुवारीत नाशकात राहून संत्र्याच्या रसाची बाटली कशाला आणायची? पाव किलो द्राक्षं चुरडून गाळली. त्या रसात चार चमचे चिरलेला गूळ, तीन चमचे सोया सॉस, दोन चमचे व्हिनेगर, आठ पाकळ्या ठेचलेला लसूण, चमचाभर मोहरीची पेस्ट आणि भरपूर भरडलेली मिरी. आठ चॉपना एवढं पुरतं. स्टीलच्या पातेल्यात आटवा. भांडी बाजारातून हौसेनं आणलेलं पितळेचं पातेलं असेल आणि कल्हई गेली असेल तर त्यात हे आंबट मुळीच करू नका, कळकेल. आटवायचं कुठवर, तर एकतारी पाकाच्या जरा अलीकडे. चमच्याच्या पाठीवर थर धरायला लागला की गॅस बंद. गार झाल्यावर आणि मांसावर गेल्यावर तो आणखी घट्ट होतो. तार येईपर्यंत थांबलात तर दाताला चिकटेल.

बिडाचा तवा धूर येण्याच्या बेताला तापवला. पहिल्यांदा चॉप चिमट्यानं उभे धरून चरबीची कड टेकवली, दोन मिनिटं. त्या सुटलेल्या चरबीतच दोन्ही बाजू तीन-तीन मिनिटं. बदामी रंग आला की आच मंद करायची आणि तेव्हाच लेप ओतायचा, सोबत लोण्याचा लहान तुकडा. चॉप फिरवत, चमच्यानं वरून लेप सोडत राहायचं. बुडबुडे बारीक आणि गडद झाले की झालं. चार चॉपचा एक घाणा, मधे तवा पुसून घ्यायचा, नाहीतर आधीचा गूळ करपतो.

शिजलं की नाही हे रंगावरून ओळखायला जाऊ नका, लेपामुळे काही कळत नाही. मी मांसात खुपसायचा थर्मामीटर घेतला, साडेचारशे रुपयांना. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ मध्ये पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठी ७१ अंशांऐवजी ६३ अंश सेल्सिअस आणि वर तीन मिनिटं विश्रांती पुरेशी ठरवली. ६३ ला उतरवलेला चॉप आत किंचित गुलाबी राहतो. आपल्याकडे मांस कुठून आलं हे नेहमी माहीत नसतं, आणि पोर्कमधून फीतकृमी होण्याची भीती खरी आहे, म्हणून मी ६८ ला उतरवते. झाकून पाच मिनिटं ठेवलं की आतल्या उष्णतेनं चॉप स्वतःच ७०-७१ ला जातो आणि तरी कोरडा पडत नाही. थर्मामीटरचं टोक हाडाला टेकू देऊ नका, आकडा चुकतो.

भावानं पहिला चॉप सुरी-काट्यानं सुरू केला आणि दुसरा हाडाला धरून हातानं खाल्ला. मग विचारलं, "गोड कशाचं आहे गं? संत्रं नाही वाटत." द्राक्षं म्हटल्यावर बायकोकडे बघून म्हणाला, "लिहून घे." मला तेवढं पुरलं. सासूबाईंनी अर्धाच घेतला, पण ताटातला लेप भाकरीनं पुसून खाल्ला.

एक सांगायचं राहिलं. आपल्याकडे पोर्क बहुतेक वेळा कातडीसकट मिळतं. इंद्यालला ती हवीच, चॉपला नको. आठ-दहा मिनिटांत ती शिजत नाही, रबरासारखी राहते. दुकानातच काढून घ्या, पण "कातडी काढा, चरबी ठेवा" असं दोनदा सांगा. मी एकदाच सांगितलं होतं आणि दोन चॉपची चरबीही गेली. काढलेली कातडी टाकून देऊ नका, सोबत मागून घ्या, पुढच्या इंद्यालला होते.