पेशाच्या रकान्यातला सरकश

निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचून मराठीत करून देणं हा माझा धंदा. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून नांदेडातल्या माझ्या टेबलापुढची गर्दी वाढलीय. त्या गर्दीत किनवटकडचे एक काका आले, सोबत त्यांची म्हातारी आत्या. कागद फसली 1340 चा, म्हणजे 1930-31 चा. वर जिल्हा आदिलाबाद. किनवट नांदेडात आलं ते 1956 साली.

"आज्जाच्या नावाम्होरं 'सरकश' लिव्हलंय. बंडखोर! मागं एकानं वाचून दिलंय. तेवढं शिक्का मारून मराठीत द्या, सर."

भिंग लावलं. अक्षर शिकस्ता, घाईचं, अक्षरांवरचे निम्मे नुक्ते, म्हणजे टिंबं, गायब. पण 'सरकश' असतं तर 'रे' या अक्षरानंतर लगेच 'काफ' आला असता. इथं मधे 'हे'चा बारीक गोल होता. आणि ज्याला 'सीन' समजले तो शाई पसरलेला अलिफ. अर्रा-कश! आपल्या तोंडी आराकश. फारसीत अर्रा म्हणजे करवत आणि कशीदन म्हणजे ओढणं. तारकशीतला 'कश' हाच, कशिदाही याच घरातला. शिवाय रकाना होता पेशाचा. बंडखोरी हा पेशा म्हणून कुठला कारकून लिहील? खालच्याच ओळीत दुसऱ्या एकापुढं 'नज्जार', म्हणजे सुतार. कामं वेगळी होती: आराकशानं ओंडका चिरून फळ्या पाडायच्या, नज्जारानं त्यांची दारं-चौकटी करायच्या.

काकांचा चेहरा उतरला. आत्या मात्र खुलली.

"आवं, बा करवतच वढायचा की! सागाचा वंडका उंच घोडीवर चढवायचे, गेरूत बुडवून सूत मारायचे. एक गडी वर उभा, एक खाली. वरचा रेघ सांभाळायचा, खालच्याच्या डोळ्यात भुसा. बा खाली असायचा. सांच्याला डोळे लालभडक. माय पदर वला करून पुसायची."

मी विचारलं, करवत आहे का अजून?

"हाय न. दोन्हीकून मुठी हायेत. माळ्यावर पडलीय."

"ते ऱ्हाऊ दे, आत्या," काका म्हणाले. "सर, गेटावर पाटी लावलीय आम्ही, क्रांतिकारकाचं घर म्हणून. सरकशच लिहा की. कोण बघतंय?"

कोर्टात कुणी तरी बघतंच. मी आराकश लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला. काकांनी ठरल्यापेक्षा शंभर रुपये कमी दिले.