खोट्या गालेपायी नान्सीला

फ्रान्समधल्या नान्सीला जायचं कारण माझ्या फोनमध्ये होतं: एका फुलदाणीचे बावीस फोटो. पिवळट काचेवर तपकिरी वेल, आणि बुडापासून चार बोटांवर नक्षीसारखीच उठवलेली सही, 'गाले'. म्हणजे एमिल गाले, नान्सीचा नामवंत काचकलाकार. ऑनलाइन लिलावात ती मला मिळाली तेव्हा आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. मग एका संध्याकाळी तिरप्या उजेडात सहीवरून बोट फिरवलं, तर शेजारी नखाएवढी जागा जरा जास्तच गुळगुळीत आणि किंचित खोलगट लागली. तिथे काहीतरी होतं आणि कुणीतरी ते घासून काढलं होतं.

जुनी काच जमवणाऱ्यांना ही घासलेली जागा पाठ असते, मलाच नव्हती. रुमानियात गालेच्या धर्तीवर नव्या फुलदाण्या बनतात आणि त्यांवर सहीजवळ 'टिप' अशी तीन रोमन अक्षरं असतात. रुमानियन भाषेत त्याचा अर्थ 'प्रकार'. म्हणजे गाले प्रकारची, गालेची नव्हे. यात बनवणाऱ्याची काही लबाडी नाही. पुढे मधल्या कुणाच्या तरी हातात ती तीन अक्षरं घासली जातात, 'प्रकार' जातो आणि नुसता गाले उरतो. विकणाऱ्याला मी दोनदा लिहिलं. उत्तर नाही. तेव्हा ठरवलं, की आता खरा गाले कसा असतो ते त्याच्या गावात जाऊनच बघायचं.

ताई सोबत आली. "तुझ्या बाटल्या बघायला येत नाहीये, फ्रान्स बघायला येतेय," हे तिने निघण्याआधीच बजावलं होतं.

पॅरिसच्या पूर्वेकडच्या स्टेशनावरून वेगवान गाडीने साधारण दीड तासात नान्सी येतं. अठराव्या शतकातला स्तानिस्लास चौक, त्याच्या कोपऱ्यांवरची सोन्याचा मुलामा दिलेली लोखंडी जाळीदार दारं, हे सगळं बघण्यासारखं आहेच, आणि ताईने ते मनसोक्त बघितलं. माझं लक्ष चौकातल्या ललितकला संग्रहालयाच्या तळघराकडे होतं. नान्सीच्याच दुसऱ्या काचघराण्याचा, 'दोम'चा, संग्रह तिथे आहे.

या दोम घराण्याची गोष्ट मला फार आवडते. जाँ दोम हा बित्श गावचा नोटरी. 1870-71च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर बित्श जर्मनीकडे गेलं आणि इतर अनेकांसारखा तोही नान्सीला आला. इथल्या एका काच कारखान्याला त्याने पैसे उसने दिले. ते काही परत येईनात, म्हणून 1878 मध्ये कारखानाच ताब्यात घेतला. काचेतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं! बुडीत कर्जातून आलेल्या त्या कारखान्याला त्याच्या ओग्युस्त आणि आंतोनँ या मुलांनी नावारूपाला आणलं.

तळघरात जुन्या तटबंदीचे दगडी अवशेष तसेच राखले आहेत आणि त्या अंधारात कपाटं उजळलेली. एका फुलदाणीपाशी मी थबकले ती बराच वेळ. उंची वीतभर. राखाडी-हिरवट काच, त्यावर वाऱ्याने वाकलेली उघडीबोडकी झाडं आणि सगळ्यावरून तिरका पाऊस. पाऊस म्हणजे काचेत कोरलेल्या बारीक रेघा, बाकी काही नाही. पण कपाटाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकत गेलं की उजेड त्या रेघांवरून घरंगळतो आणि चक्क सर चालून आल्यासारखी वाटते. मी तीनदा पुढेमागे केलं. चौथ्यांदा पाहिलं तर शेजारी ताई, तीही पुढेमागे करत होती.

दुसऱ्या दिवशी 'एकोल द नान्सी' संग्रहालय. अलंकरण-कलाकारांची ही संघटना 1901 मध्ये स्थापन झाली आणि एमिल गाले तिचा पहिला अध्यक्ष. कोर्बँ नावाच्या धनिक आश्रयदात्याच्या राहत्या घरात हे संग्रहालय आहे, त्यामुळे फुलदाण्या बघताना कुणाच्या तरी दिवाणखान्यात शिरल्यासारखं वाटतं. बागेत गालेच्या कारखान्याचं लाकडी दार उभं केलंय. त्यावर त्याचं ब्रीद आहे. मराठीत सांगायचं तर 'माझं मूळ रानाच्या गाभ्यात आहे'. हा नुसता शब्दांचा फुलोरा नव्हता. गाले खराखुरा वनस्पतीअभ्यासक होता, शहरातल्या उद्यानविद्या संस्थेचा पदाधिकारीही होता. म्हणून त्याच्या काचेवरची फुलं 'कुठलीतरी फुलं' नसतात. पाकळीची कड कुठे सुकू लागलीय हेसुद्धा दिसतं.

आणि इथे, फोन हातात घेऊन, मी माझ्या फुलदाणीची शोकसभा भरवली.

ही काच बनते ती थरांची. फुंकणीवरच्या फिक्या काचेवर वेगळ्या रंगाचा एक थर, कधी दोन, कधी तीन. थंड झाल्यावर जे राखायचं त्यावर डांबरासारखा लेप देतात आणि हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडवतात. उघडा भाग आम्ल खाऊन टाकतं. पुन्हा लेप, पुन्हा आम्ल. दर खेपेला नक्षीचा एक मजला खाली उतरतो. उत्तम नगांवर यानंतर फिरत्या चाकावर हाताने कोरतात. समोरच्या गालेत जांभळा रंग पाकळीच्या मुळाशी दाट होता आणि टोकाकडे इतका पातळ होत गेला होता, की शेवटी जांभळा संपून काच कुठे सुरू झाली ते सांगता येईना. माझ्या वेलीचा तपकिरी रंग मात्र सगळीकडे एकसारख्या जाडीचा, कडा टोकदार, कागदातून कापून चिकटवल्यासारख्या. एकच थर, एकच खोली. बावीस फोटो काढूनही हे मला दिसलं नव्हतं, कारण मी फक्त सहीचे फोटो काढले होते.

सहीचं तर पुढे आणखीच आहे. गाले 1904 मध्ये गेला. त्याच्या पत्नीने कारखाना चालू ठेवला आणि काही वर्षं सहीसोबत एक छोटा तारा उठवला जायचा. म्हणजे ताऱ्याची फुलदाणी अस्सल, पण तिला गालेचा हात लागलेला नाही. मुळात त्याच्या हयातीतलीही बरीच काच कारागिरांनीच घडवलेली. 1894 मध्ये नान्सीत स्वतःचा काच कारखाना उभारेपर्यंत तर त्याची बहुतेक काच माय्झेंथालला, म्हणजे तेव्हाच्या जर्मन हद्दीत तयार व्हायची. हा माणूस प्रशियाविरुद्ध लढायला स्वेच्छेने सैन्यात गेला होता!

ताईला मात्र पलंग भावला. 'पहाट आणि संधिकाळ' हे गालेचं 1904चं काम. पायथ्याशी शिंपल्याच्या चकाकत्या पंखांचे प्रचंड पतंग. "यावर झोपायचं? मला तर रात्रभर पंख फडफडल्याचे आवाज येतील," ती म्हणाली, आणि वीस मिनिटं तिथून हलली नाही.

संध्याकाळी एका अरुंद गल्लीतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलो. दुकानदारीणबाई सत्तरीच्या. मी फोटो दाखवले. त्यांनी सहीकडे बघितलंच नाही. "तुमच्याकडे बुडाचा फोटो नाही?" नव्हता. मग त्यांनी कपाटातून ओंजळीत मावेल असा दोमचा वाडगा काढला आणि उलटा करून माझ्या हातात दिला. बुडाच्या कडेवर बारीक ओरखड्यांचं वलय होतं, ओरखडे वाटेल त्या दिशांना गेलेले. "शंभर वर्षं कुणी ना कुणी हा उचलून पुसला आणि परत ठेवला. सँडपेपर मारला की सगळे ओरखडे एकाच दिशेला जातात." मग त्यांनी माझं बोट धरून काठावर नेलं. एक टवका उडालेला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. "हा दोष. म्हणून तर हा तुम्हाला परवडेल."

संग्रहालयात दोन दिवस काचेआडून काच बघितली होती. आता ती हातात होती. बाहेरून काटेरी फुलांचा उठाव, आतून पाण्यासारखी गुळगुळीत, आणि दिसते त्याहून जड. मी वाडगा खाली ठेवलाच नाही.

परतीच्या गाडीत ताईने तो तिच्या लोकरी शालीत गुंडाळला, वरून माझे दोन मोजे चढवले आणि मांडीवर घेऊन बसली. "दे, मी धरते," म्हटलं तर म्हणाली, "तू झोपतेस गाडीत." पॅरिस यायच्या थोडं आधी मला जाग आली, तेव्हा शालीची एक बाजू उघडी होती आणि ती डोळे मिटून, अंगठ्याने, तो टवका चाचपत होती.