नाट्यसंस्थेतल्या जुन्या ऑर्गनचं सॅम्पलिंग : माझा अनुभव

जुन्या ऑर्गनचं सॅम्पलिंग करायचं असेल (म्हणजे एकेक सूर रेकॉर्ड करून तो कीबोर्डवरून वाजवता येईल असा साठवायचा असेल) तर माइक घेण्याआधी अर्ज लिहायला बसा. माझं काम तिथेच अडलं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

ऑर्गन एका नाट्यसंस्थेच्या सभागृहात, विंगेमागे चादर घालून ठेवलेला. अमेरिकन बनावटीचा, पायभात्याचा. बालगंधर्वांच्या काळी संगीत नाटकाच्या साथीला अशीच वाद्यं असत. हवेचं काम पाय करतात, दोन्ही हात मोकळे. पेटीचा भाता सुरांमधून (आवाज देणाऱ्या धातूच्या जिभांमधून) हवा बाहेर ढकलतो, याचा भाता ती आत ओढतो, म्हणून आवाज मऊ. मेलोट्रॉन, ऱ्होड्स, क्लॅव्हिनेट अशा जुन्या विजेवरच्या कीबोर्डच्या सॅम्पल-लायब्रऱ्या हव्या तितक्या मिळतात. नाट्यपदाखाली शोभेल असा ऑर्गन मला मिळेना.

कार्यालयात छापील अर्ज होता. रकाने : कार्यक्रमाचं नाव, कलाकार, प्रेक्षकसंख्या.

"गाणं कुठलं रेकॉर्ड करणार?"

"गाणं नाही साहेब, एकेक सूर."

"मग कार्यक्रमाचं नाव काय लिहू?"

इथून अर्ज विश्वस्तांच्या बैठकीकडे गेला. एका बैठकीला गणपूर्ती नव्हती. पुढच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, वाद्य बाहेर नेणार का? लेखी उत्तर दिलं. त्यानंतर प्रश्न आला, विक्री झाली तर पैसे कुणाचे? प्रश्न अगदी रास्त, पण पहिल्याच दिवशी विचारला असता तर तेव्हाच उत्तर दिलं असतं. अर्ज थंडीत केला होता, आता वळवाचे ढग दिसायला लागले. दमट हवेत लाकूड फुगतं, पट्टी दाबली की वर येत नाही, एखादा सूर आपोआप वाजत राहतो. पावसाळ्यात असं वाद्य रेकॉर्ड करण्यात अर्थ नाही, हे मी कार्यालयात परोपरीने सांगत होतो. उत्तर एकच, "बैठकीत ठेवतो."

शेवटी लॅपटॉप आणि छोटा मिडी कीबोर्ड (लॅपटॉपमधले सूर वाजवायला) घेऊन गेलो. माझ्या घरच्या पेटीचे सॅम्पल त्यात होते. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी स्वतः पट्टी दाबली, पेटीचा सूर ऐकला आणि म्हणाले, "अहो, हे आधी दाखवायचं ना!" त्याच बैठकीत ठराव झाला. तेव्हा अर्जासोबत असा नमुना न्याच. पत्रात स्पष्ट लिहा : वाद्य जागचं हलणार नाही, उघडणार नाही, एक प्रत संस्थेला, विक्रीतला वाटा अमुक.

रेकॉर्डिंग सुरळीत झालं. रात्री केलं, पंखे बंद ठेवून. ६१च्या ६१ पट्ट्या घ्या, दोन-तीन सूर सोडून मधले ताणून भरू नका, कारण प्रत्येक पट्टीचा पोत वेगळा असतो. खर्जातले सूर उशिरा बोलतात. ती सुरुवातीची चाहूल कापलीत तर ऑर्गन गेला. पट्टी जोरात दाबून आवाज बदलत नाही, त्यामुळे व्हेलॉसिटीचे थर (हलक्या आणि जोरकस दाबाची वेगवेगळी रेकॉर्डिंग) नकोत. जोर भात्याचा, तो एक्स्प्रेशन पेडलवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या पायातल्या पेडलवर) द्या.

व्हॉक्स ह्यूमाना हा स्टॉप (आवाजाला थरथर देणारी ओढायची खुंटी) उघडा ठेवून सॅम्पल करू नका. त्याच्यामागे हवेवर फिरणारा एकच पंखा असतो, त्यामुळे सगळे सूर एकत्र थरथरतात. वेगवेगळे रेकॉर्ड केलेत तर कॉर्डमध्ये प्रत्येक सूर आपल्याच लयीत हलतो आणि कान लगेच ओळखतो. मी तो स्टॉप बंद ठेवला आणि थरथर सॅम्प्लरमधल्या (सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) एकाच एलएफओने, म्हणजे आवाज संथ लयीत हलवणाऱ्या लहरीने, सगळ्या सुरांना दिली. या कामातली ही जागा मला सगळ्यात समाधान देऊन गेली.

सूर ४४० हर्ट्झला (आजच्या प्रमाण स्वराला) ओढून नीट करायचा मोह टाळा, जुनं ट्यूनिंग तसंच राहू द्या. ज्याला हवं तो सॅम्प्लरमध्ये बदलेल.

आणि हो, अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. माझा पहिला अर्ज कार्यालयात सापडतच नव्हता, पोच होती म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही.