जावा ८ वरून १७ वर जायचं का?

मंगळवार, रात्री

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं डिस्पॅचचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. अजून जावा ८ वर चालतं, म्हणजे या प्रोग्रामिंग भाषेच्या २०१४ च्या आवृत्तीवर. अधूनमधून मालासोबत जाणाऱ्या चलनावर चुकीची तारीख छापली जाते. रोज नाही, आणि आपण समोर उभं राहिलं की तर नाहीच. ऑफिसात आता सगळ्यांचं एकच म्हणणं, "व्हर्जन बदलूया की, सगळं जाईल." मालकांनीही आज तेच विचारलं. उद्या उत्तर द्यायचं आहे.

डिस्पॅचचे मामा चुकलेली चलनं टाकून न देता फाईलला लावून ठेवतात. त्यांचे खरंच उपकार आहेत. आज ती फाईल पुढे सरकवत म्हणाले, "बघ बाळ, गाडी पुण्याची, ई-वे बिल आजचं आणि चलन मागच्या महिन्याचं. कोगनोळी नाक्याच्या पुढं कुणी अडवलं तर ड्रायव्हरनं काय सांगायचं?"

ती चलनं लॉगशी, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदींशी, ताडत बसलो, तेव्हा धागा हाताला लागला. चुकीची तारीख उगाच कुठली तरी नव्हती. चलन छापलं गेलं त्याच क्षणी वरच्या ऑफिसात दुसऱ्याच पार्टीची परचेस ऑर्डर उघडली होती, आणि तिची तारीख या चलनावर उतरली होती. पुढचं चलन घेतलं, तिथेही तेच.

मग कोड उघडला. तारीख लिहिण्या-वाचण्यासाठीच्या सिंपलडेटफॉरमॅट या क्लासचा एकच स्टॅटिक ऑब्जेक्ट, सगळ्या थ्रेडना, म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांना, मिळून. त्याच्या पोटात एकच कॅलेंडर असतं. एक थ्रेड त्यात आजची तारीख ठेवतो. ती छापायला घेणार, एवढ्यात दुसरा येऊन ऑर्डरची तारीख भरून जातो, आणि पहिला तीच वाचून छापतो. हा क्लास असा सामाईक वापरू नका, प्रत्येक थ्रेडला वेगळा ऑब्जेक्ट घ्या, हे जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलेलं आहे. संध्याकाळी गाड्या भरायला लागल्या की वजनकाटा आणि ऑफिस दोन्हीकडून एकदमच काम येतं, म्हणून चुका बहुतेक त्याच वेळच्या.

आता मुद्दा असा, की जावा १७ मध्येही हा क्लास तसाच आहे. एक छोटी टेस्ट लिहून भरपूर थ्रेड एकदम सोडले. ८ वरही तारखा सरमिसळ, १७ वरही. मला खरी भीती वेगळीच वाटते. नव्या आवृत्तीत वेग बदलेल, थ्रेडची गाठ पडण्याची वेळ बदलेल आणि चूक महिनोन्‌महिने दिसणारही नाही. सगळे म्हणतील, बरं झालं बदललं. मग ऐन मार्चअखेरीच्या गर्दीत ती परत उभी राहील आणि तेव्हा कारण शोधायला कुणाला उसंत नसेल.

शिवाय बदलाची स्वतःची दुखणी आहेत. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जाणारी एक्सएमएल फाईल जॅक्सबी ही लायब्ररी वापरून बनते. ते २०१८ च्या जावा ११ मधून काढून टाकलंय, वेगळं जोडून घ्यावं लागेल. आणि जावा १६ पासून ब्रिटिश इंग्रजीत सप्टेंबरचं लघुरूप 'सेप' नाही, 'सेप्ट' येतं. आमची सेटिंग ब्रिटिश, आणि काट्याच्या फाईलमध्ये महिना तीनच अक्षरांत. अकरा महिने सुरळीत चालून बाराव्याला फाईल वाचणंच बंद! हे आज वाचनात आलं नसतं तर पुढच्या गणपतीत धावपळ झाली असती.

तरी १७ वर जायचंच नाही असं माझं म्हणणं नाही. जुन्या आवृत्तीवर किती दिवस काढणार? पण दोन्ही कामं एकदम नकोत. एकदम केली तर नेमकं कशानं बरं झालं ते कधीच कळणार नाही, आणि मामांना मी काय सांगू?

म्हणून उद्या मालकांना असं सांगणार: आधी फक्त सिंपलडेटफॉरमॅटच्या जागी डेटटाइमफॉरमॅटर घालतो. तो जावा ८ मध्येच आहे, आत काही बदलत नाही, कितीही थ्रेडनी वापरला तरी चालतो. मामांची फाईल चालूच राहील, रोज संध्याकाळी मी ती बघेन. १७ चं काम दिवाळीच्या सुट्टीत, भट्टी बंद असताना. त्याआधी काट्याची जुनी सप्टेंबरची फाईल नव्या आवृत्तीवर चालवून बघायची आहे. ती उद्या सकाळीच मागून घेतो.