मृदू पाण्याचा नमुना

पीएच.डी.ची वर्षे मी पुण्यात पॅलेडियमच्या उत्प्रेरकांवर काम करण्यात घालवली आणि पुढेही तेच करत राहणार, असे गृहीत धरले होते. यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालो तेव्हा तेथे धड चालणारा निर्वात पंपही नव्हता. त्यामुळे आता अभ्यासक्रम पुरा करायचा आणि संशोधन विसरायचे, अशी मी मनाची तयारी करून टाकली होती. ती मोडली ती द्वितीय वर्षाच्या एका प्रात्यक्षिकाने.

त्या दिवशी ईडीटीए हे रसायन वापरून पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण, मोजायचा होता. नळाच्या पाण्याचा कंटाळा येतो, म्हणून प्रत्येकाने आपापल्या गावचे पाणी आणावे, असे मी सांगितले होते. एकाने आणलेल्या हापशीच्या पाण्याचे पन्नास मिलिलिटर शंकुपात्रात घेतले, बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगदर्शक घातला, आणि ब्युरेटमधून ईडीटीएचे जेमतेम दोन मिलिलिटर द्रावण उतरते न उतरते तोच लाल रंग जाऊन स्वच्छ निळा आला. बाकीच्यांना पंधरा-वीस मिलिलिटर लागत होते. जितके कमी द्रावण, तितके पाणी मृदू. ‘‘आमच्या बोअरचे पाणी गोडच आहे, सर,’’ तो अभिमानाने म्हणाला, ‘‘डाळ लवकर शिजून जाते.’’

हे बोलताना त्याचे दात दिसले. पुढच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे होते. गावात इतरांचे दात कसे आहेत, असे मी सहज विचारल्यासारखे विचारले. बहुतेक मुलांचे असेच आहेत, असे तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, ‘‘लोक म्हणतात खर्रा खातो म्हणून. मी तर सुपारीसुद्धा खात नाही, सर.’’

दातांवर असे पट्टे पाण्यातील जादा फ्लोराइडमुळेही पडतात. विद्राव्यता गुणाकार, म्हणजे क्षार पाण्यात किती विरघळू शकतो याची मर्यादा, शिकवताना कॅल्शियम फ्लोराइडचे उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड एका मर्यादेपलीकडे विरघळून राहू शकत नाही. कॅल्शियम कमी असेल तर खडकातून सुटलेल्या फ्लोराइडला अडवणारे कोणी उरत नाही. म्हणजे ज्या गुणामुळे गावाला ते पाणी आवडत होते, तोच गुण संशयाचे कारण होता.

प्रात्यक्षिक संपल्यावर तो आणि मी थांबलो. झिर्कोनियम आणि स्पाडन्स या रंगद्रव्याच्या लाल संयुगातील झिर्कोनियम फ्लोराइड ओढून घेते आणि लाली उतरते. ती किती उतरली, हे वर्णमापकावर ५७० नॅनोमीटरला मोजतात. पहिल्याच वाचनात रंग इतका फिका पडला की आकडा आलेखाच्या बाहेर गेला. मग ऊर्ध्वपातित पाण्याने नमुना चौपट पातळ करून पुन्हा मोजला. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला १ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. या नमुन्यात दीडच्या दुपटीहून अधिक फ्लोराइड होते. त्याने वहीत आकडा लिहिला आणि विचारले, ‘‘दात परत पांढरे होतील का?’’ दाताचे वरचे आवरण लहानपणी घडतानाच बिघडते, ते मागे फिरत नाही, हे मला सांगावे लागले. धाकट्या बहिणीचे पक्के दात अजून यायचे होते. मग त्याने तिच्याविषयी विचारले.

पुढचे काम चिवट होते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड खाली बसवता येते, पण रोज मात्रा मोजणे आणि गाळ टाकणे घराघरात निभत नाही. म्हणून आम्ही हापशी आल्यावर सोडून दिलेल्या जुन्या विहिरीचे पाणी तपासले. फ्लोराइड मर्यादेत होते, कठीणपणा मात्र बराच. गॅस्ट्रोच्या भीतीने लोकांना विहिरीवरून हापशीवर आणले होते, हेही खरेच. त्यामुळे ब्लीचिंग पावडरचा प्रश्न ग्रामपंचायतीत सोडवल्याशिवाय विहिरीचे नाव काढण्यात अर्थ नव्हता. तो सुटला, तरी म्हाताऱ्यांची तक्रार राहिलीच, की या पाण्यात वरण शिजत नाही. त्यांना मी डाळ रात्रभर भिजत घालायला सांगितले, त्यासाठी पीएच.डी. लागत नाही, एवढे खरे.

पॅलेडियमवरचा अर्धवट शोधनिबंध मी सहकाऱ्यांकडे सोपवला. एकाच शिवारातील दोन बोअरच्या फ्लोराइडमध्ये एवढा फरक का पडतो, हा आता माझ्या विद्यार्थ्यांचा विषय आहे, आणि पावसाळ्यापूर्वीचे नमुने गोळा करणे सुरू आहे.