पाय माझा नव्हताच!

आज सीएसएमटीला उतरून जेजे स्कूल ऑफ आर्टसमोरून गेले. १८५७ साली सुरू झालेल्या कलाशाळेचं ते आवार. किती मॉडेल्स तिथल्या वर्गांत तासन् तास बसल्या असतील, आणि चित्राखाली सही मात्र चित्रकाराची.

माझं मॉडेलचं काम पुढे फोर्टातल्या एका छोट्या स्टुडिओत. आधी १-१ मिनिटाच्या झटपट पोझ, मग २० मिनिटांची एक. ब्रेकआधी पावलांभोवती खडूने खुणा करतात, म्हणजे परत बरोब्बर तिथेच उभं राहता येतं. मी शहाणी, सगळा भार डाव्या पायावर! दहाव्या मिनिटाला मुंग्या, पंधराव्याला पाय माझा नव्हताच. समोर नुसती कागदावर कोळशाची खरखर आणि पंख्याचा आवाज. नाक खाजलं तरी गप्प.

दुपारचं फोटोशूट त्यामानाने पोरखेळ. "हनुवटी जरा खाली," की झालं.

सहाच्या लोकलला चक्क खिडकी मिळाली (हो, खरंच). मुलुंडपर्यंत टॅबवर तीच पोझ आठवून काढली. खाली रेषांची लेयर, वर मल्टिप्लायमध्ये (खालचा रंग गडद करणारा मोड) सावली. डावा पाय सहा वेळा अनडू केला.

घरी आईला दाखवलं. चष्मा वर करून म्हणते, "हिचा पाय सुजलाय का गं?"